टेबलावर चालतं, वावरात चालत नाही

दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं, तेव्हा वाटलं होतं की आता चार लोकांसारखं सकाळी फिरायला जाऊ, पेपर वाचू आणि बायकोच्या कामात लुडबूड करू. यातलं तिसरंच तेवढं जमलं. जळगावात मी आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर आणि शेवटी टीव्ही दुरुस्त करण्यात उमर घालवली. टीव्ही चपटे झाले, बिघडला की लोक सरळ नवा आणू लागले, आणि मी अपमान होण्याआधी शहाणपणानं निवृत्त झालो. नेमकं तेव्हापासून माझ्या ओट्यावर एक नवीनच जमात येऊ लागली. यांच्या पिशवीत कारखान्यातून आलेली वस्तू नसतेच. यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच काहीतरी बनवलेलं असतं, आणि ते चालत नसतं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळहातावर मावेल असा एक बोर्ड मिळतो. त्याच्या मधोमध एक काळी चिप असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिला आपण आधी सांगून ठेवायचं, की अमुक झालं की तमुक कर. अंधार पडला की दिवा लाव, टाकी भरली की मोटार बंद कर. चिप बिचारी फार आज्ञाधारक असते. पण तिला डोळे, कान, हात काहीच नसतात, ते आपण बाहेरून तारांनी जोडायचे. आणि शंभरातले नव्वद बिघाड या तारांत असतात. कुठे तार ढिली, कुठे सोल्डर, म्हणजे तार जोडणारा धातूचा डाग, वरून चकाकणारा पण आतून न धरलेला, कुठे लाल तार काळीच्या जागी. लोक मात्र आधी चिपला शिव्या देतात.

माझी कामाची पद्धत जुनीच आहे. आधी डोळे, मग नाक, मग बोटं, आणि सगळ्यात शेवटी मीटर. मीटर आधी हातात घेतो तो माणूस घाईत असतो, असं माझं मत आहे. माझी बायको म्हणते, तुमचं प्रत्येक गोष्टीवर मत आहे. असो.

एक मासला सांगतो. शिंदखेड्याचे एक शेठ, साड्यांचं मोठं दुकान, घराणं मूळचं राजस्थानातलं पण बोलणं पक्कं अहिराणी. जैन मंडळी, सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. दुकानाच्या गर्दीत वेळ चुकू नये म्हणून शेठजींनी स्वतः एक यंत्र बनवलं होतं. उजेड कमी होऊ लागला की ते पिपाणीसारखं वाजायचं आणि घरातले सगळे जेवायला बसायचे. ते यंत्र माझ्या टेबलावर ठेवून शेठजी म्हणाले, "भाऊ, हाई यंत्र येडं व्हई गयं. दुपारना बारा वाजता बठ्ठासले जेवाले बसाडस!" म्हणजे भर दुपारी बारालाच ते सगळ्यांना जेवायला बसवत होतं.

मी दोन दिवस ते तपासलं. तार न् तार हलवून पाहिली. यंत्रात काही खोट नव्हती. शेवटी मी शिंदखेड्याला गेलो आणि दुकानात गादीवर बसून राहिलो. बाराच्या सुमारास लग्नाच्या बस्त्याची मंडळी आली. नोकरानं एकामागून एक शालू उलगडून दांडीवर टाकले, आणि त्या दांडीच्या मागेच उजेड ओळखणारा डोळा बसवलेला. शालूंनी सूर्य झाकला, यंत्र वाजलं, आणि आतल्या खोलीत ताटं मांडल्याचा आवाज आला. मी इतका हसलो, की नवरीची आई माझ्याकडे रागानं बघायला लागली. डोळा गच्चीवर नेला आणि प्रश्न मिटला.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो, असं मी सगळ्यांना सांगत असे. बिघाड पेटीत नसेल तर पेटी जिथे राहते तिथे जाऊन बसावं. सांगत असे, पण शिकलो नव्हतो, हे मला इंदुअक्कांनी दाखवलं.

इंदुअक्का यावलकडच्या. केळीची तीन एकर बाग, साठीला टेकलेलं वय, शिक्षण सातवी. पहिल्यांदा आल्या तेव्हा बसमधून उतरून थेट ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून दोन प्लॅस्टिकचे डबे काढले. एक लोणच्याचा होता, एक शेवयांचा. झाकणं उघडली तर आत बोर्ड, तारा, बॅटरी, सगळं इतकं नीटनेटकं की मी बघतच राहिलो. प्रत्येक तारेला रंगीत दोरा बांधून खूण केलेली. मी म्हणालो, "हे कोणी बनवलं?"

"मीच. काहून?" अक्का म्हणाल्या. जणू मी विचारलं होतं, हे थालीपीठ कोणी थापलं.

शेवयांच्या डब्यातलं यंत्र बागेत राहायचं. त्याची दांडी मातीत खुपसलेली असायची आणि माती कोरडी झाली की ते तारेवरून निरोप पाठवायचं. लोणच्याच्या डब्यातलं मोटारीच्या खोलीत राहायचं. निरोप आला की त्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टक्कन आवाज करून मोटार चालू करायचा. माती ओली झाली की निरोप थांबायचा आणि मोटार बंद. वावरातल्या पेटीला बॅटरी, मोटारीच्या पेटीला मोबाइलचा चार्जर. साधं, सरळ, हुशारीचं काम.

पण ते चालत नव्हतं. कधी चालायचं, कधी नाही. आणि अक्कांना ते चालायलाच हवं होतं. त्यांची मुलगी रेखा धुळ्याला दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचीही मनाई केली होती. सासूबाई हयात नव्हत्या. म्हणजे आईलाच धुळ्याला जाणं भाग होतं, चांगलं महिनाभर. इकडे वैशाख तापलेला आणि बाग निसवायला आलेली, म्हणजे घड बाहेर पडायचे दिवस. या दिवसांत केळीला पाणी चुकलं तर वर्षाची मेहनत पाण्यात, किंवा खरं म्हणजे पाण्याविना जाते.

"घरी कोणी नाही का?" मी विचारलं.

"आबा आहेत ना," अक्का म्हणाल्या. आबा म्हणजे त्यांचे यजमान. "त्यांचे गुडघे गेले, बागेत जाता येत नही. मोटारीची खोली घरापाशीच आहे, बटन दाबतीन ते. पन मोटार सुरू झाली, का त्या आवाजानं त्यायले झोप लागते. बंद कोन करीन? मागल्या साली अर्धी बाग बुडवली त्यायनी. मुळ्या सडल्या बाप्पा!"

मी दोन्ही डबे टेबलावर मांडले. माझ्या क्लिपा लावल्या, दांडी कोरड्या मातीच्या कुंडीत खुपसली. टक्. पाणी घातलं. टक्. बंद. वीस वेळा केलं, वीस वेळा बरोबर. एक सोल्डर मला जरा फिका वाटला, तो पुन्हा मारला आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "हाच तो चोर. जा अक्का, धुळ्याची पिशवी भरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "भाऊ, नही चालून ऱ्हायलं."

मग मी सकाळच्या बसनं त्यांच्याकडे गेलो. मोटारीच्या खोलीला टेकून एक बाज, बाजेवर आबा, गोरेपान, मिशाळ, डोक्याला पंचा. त्यांनी मला "या, बसा" म्हटलं आणि पुन्हा आडवे झाले. यंत्र बिनतक्रार चालत होतं. माती कोरडी झाली की टक्, ओली झाली की टक्. मी कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी हाणली, अक्कांचं कौतुक केलं आणि साडेअकराच्या बसनं परतलो. घरी येऊन चप्पल काढतो तोच फोन. "भाऊ, बंद पडलं."

आता जे मी केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी चिडलो. पोट भरलेलं, ऊन लागलेलं, आणि एका डब्यानं मला दोनदा तोंडघशी पाडलेलं. मी फोनवर म्हणालो, "अक्का, ही कामं अशी व्हिडिओ बघून होत नसतात. हे तुमच्या आवाक्यातलं नाही. एखादा माणूस ठेवा पाण्यावर आणि मोकळ्या व्हा."

अक्का अगदी शांतपणे म्हणाल्या, "माणूस ठेवला असता भाऊ, भेटला असता तर. पन एक सांगा. केळीचं पान पिवळं पडलं, तर मी मुळीपर्यंत उकरून पाह्यते. तुमी बाजेवर बसून भाकर खाल्ली अन् पेटी पाह्यली. वावर पाह्यलं का?"

मी फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कोणाचा फोन? मी म्हणालो, गुरूंचा.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो, या वेळी मुक्कामाची तयारी करून. रेखाचे दिवस भरत आले होते. अक्कांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतविडा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. मी शर्ट काढून बनियनवर आलो, अंगणातल्या वाळत घालायच्या तारेवर टॉवेल टाकला आणि ठरवलं, की आज यंत्र बंद पडेपर्यंत इथून हलायचं नाही. दुरुस्ती करणाऱ्याला चालणाऱ्या यंत्राचं काही करता येत नाही. त्याला बिघाड डोळ्यांदेखत घडायला लागतो.

सकाळभर ते शहाण्यासारखं वागलं. बारा वाजले तसा रिले विचित्र वागू लागला. टक् एकदा होऊन थांबायच्या ऐवजी टकटकटकटक. अक्कांनी धावत जाऊन मोटारीचा मुख्य स्विच पाडला, नाहीतर स्टार्टर जळाला असता. एक वाजता सगळं शांत. बागेतली माती भेगाळलेली, वावरातली पेटी निरोप पाठवतेय, आणि इकडे काहीच पोचत नाही.

मला वाटलं, उन्हानं होत असेल. पेटीवर ओलं फडकं टाकलं. काही नाही. रिले बदलला, बोर्ड बदलला, चार्जर बदलला. काही नाही. मीटर लावला तर वावरातल्या पेटीपाशी पुरेपूर पाच व्होल्ट, आणि मोटारीच्या खोलीत काटा उगाच इकडेतिकडे डुलतोय. दोनशे फुटांच्या त्या तारेवर निरोप कुठेतरी हरवत होता. तार तपासली, मधे कुठे तुटलेली नाही. मी मीटर बाजूला ठेवून खाली बसलो. अक्का दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होत्या.

साडेतीनला आबा उठले. चहा प्यायले. कप विसळला, तांब्यातल्या उरलेल्या पाण्यानं चूळ भरली आणि तांब्या खोलीच्या भिंतीशी, बाजेच्या पायाजवळ उपडा केला.

टक्.

मी उभा राहिलो. अक्का उभ्या राहिल्या. रिले लागला होता. अक्कांनी मुख्य स्विच वर केला आणि मोटार घुमू लागली.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही आत्ता काय केलं?"

"काय केलं? पानी फेकलं."

मी गुडघ्यांवर बसलो. बाजेच्या पायाजवळ, भिंतीला लागून, जमिनीत एक लोखंडी सळई ठोकलेली होती. तिला एक तार बांधलेली, आणि ती तार भिंतीतल्या भोकातून आत, थेट लोणच्याच्या डब्यात. आत मला ती दिसली होती. दोरा बांधलेली, जागच्या जागी, अगदी बरोबर. ती भिंतीपलीकडे कुठे जाते, हे पाहायला मी बाहेर आलो नव्हतो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. निरोप न्यायला एक तार लागते, तशी वीज परत यायला दुसरी लागते. जाणं एकीतून, येणं दुसरीतून. दोन्ही पेट्यांमध्ये म्हणून दोन तारा हव्या. पण आमच्या भागात खेड्यांत एक जुनी खोड आहे. एकच तार जिवंत असली, की लोक जमिनीत सळई ठोकतात, तिच्यावर बादलीभर पाणी ओततात आणि दुसऱ्या तारेचं काम जमिनीकडून करून घेतात. ओली जमीन वीज वाहून नेते, बल्ब लागतो. हे करू नका. यानं माणसं आणि गुरं दगावतात, हे मी पोटतिडकीनं सांगतो. पण लोक करतात, आणि उन्हाळ्यात सळईला रोज पाणी घालतात, कारण जमीन सुकली की बल्ब मिणमिणतो.

अक्कांनी आबांना दोन तारा ओढून घ्यायला सांगितलं होतं. आबांनी गड्याकडून एकच ओढून घेतली होती. दुसरीच्या जागी बागेत एक सळई आणि इथे एक. बागेतली खोल गेलेली, तिला ठिबकची ओल मिळायची. इथलीला रोज सकाळी चहानंतर आबांचा तांब्याभर. दुपारपर्यंत ओल टिकायची, तोवर यंत्र चालायचं. ऊन चढलं की माती सुकायची आणि निरोपाची परतीची वाट बंद. म्हणजे पाण्याची खरी गरज असेल तेव्हाच ते बंद पडायचं. आणि मी पहिल्या खेपेला सकाळच्या बसनं येऊन बारा वाजायच्या आत परतलो होतो.

माझ्या टेबलावर का चाललं? कारण तिथे माझ्या हातांनी सवयीनं दोन क्लिपा लावल्या. हात इतके सरावलेले, की वावरात नसलेली तार त्यांनी टेबलावर परस्पर पुरवली आणि डोक्याला कळवलंही नाही. इतकी वर्षं ज्या हातांचा अभिमान बाळगला, त्यांनीच मला फसवलं.

"अहो, पन दुसरी तार कोठी आहे?" अक्कांनी आबांना विचारलं. आवाज असा, की मीच दोन पावलं मागे सरकलो.

"दुसरी कायले पायजे? जमीन आहे ना! चाळीस वर्षं बल्ब लावला आपुन तिच्यावर."

"कोठी आहे म्हनते मी?"

आबांनी हनुवटीनं अंगणाकडे खूण केली. वाळत घालायची तार. नवी कोरी, दोनशे फुटी, चार पदरी करून आंब्यापासून गोठ्यापर्यंत ताणलेली. तिच्यावर अक्कांची लुगडी, आबांची धोतरं आणि मध्यभागी माझा टॉवेल.

"तूच म्हने ना, कपडे वाळवाले तार पायजे," आबा म्हणाले.

"अन् मी चार दिवसांपासून रडून ऱ्हायली, भाऊ जळगावहून येऊन ऱ्हायले, तवा बोलले काहून नही?"

"मले कोनी इचारलंच नही," आबा शांतपणे म्हणाले.

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. आणि मग त्यांना हसू फुटलं. असं हसू, की त्या खांबाला धरून खाली बसल्या, पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी. मी हसलो. आबा काही न कळता मिशीतल्या मिशीत हसले. खरंच त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी दोनदा त्या बाजेशेजारी बसून जेवलो होतो, पण त्यांना "राम राम"पलीकडे एक प्रश्न केला नव्हता. टेबलावर बोर्डाला मी शंभर प्रश्न विचारतो.

कपडे काढले, तार सोडवली आणि उन्हं कलायच्या आत बागेत ओढून घेतली. दोन्ही सळया उपटल्या. मग आम्ही मुद्दाम सगळं सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, वरून आग ओकत असताना, अक्का बागेत दांडीपाशी उभ्या राहिल्या आणि मी मोटारीपाशी. माती कोरडी. टक्. मोटार चालू. तासाभरानं ओल पुरेशी झाली. टक्. मोटार बंद. बागेतून अक्कांची आरोळी आली, "झाली ना बंद?" मी ओरडलो, "झाली!" आबा बाजेवर गाढ झोपले होते, आणि जगाचं काही बिघडलं नव्हतं.

निघताना मी अक्कांची माफी मागितली. आवाक्यातलं नाही म्हणालो होतो, त्याबद्दल. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, भूक लागली का आबाबी असेच बोलतात." त्याच संध्याकाळी त्यांनी धुळ्याची बस धरली.

नंतरचे दिवस मी फोन उशाशी घेऊन काढले. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक शाबासकी द्यायला फोन करत नाही, तक्रारीलाच करतं. म्हणून फोन आला नाही की बरं वाटतं आणि आला नाही की धाकधूकही होते. आठ दिवस गेले, दहा गेले. बायको म्हणाली, तुम्हालाच दिवस गेल्यासारखे फेऱ्या मारताय. बाराव्या दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही. मीच धुळ्याला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी बोलणं, आणि त्यातून अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "कोन?"

"अक्का, मी जळगावहून बोलतोय. मोटार कशी चाललीय?"

"कोन्ती मोटार?"

मोटारीसाठी ही बाई दोन डबे घेऊन बसनं आली होती. तारांना दोरे बांधून बसली होती. पिशवीकडे बघत उभी राहिली होती.

"आपली... केळीची," मी म्हणालो.

"हां, ती व्हय! चालून ऱ्हायली अशीन बाप्पा. भाऊ, नात झाली! नात! थांबा, उठली वाटते..." आणि फोन बंद झाला.

मी फोन खाली ठेवला आणि ओट्यावर एकटाच मोठमोठ्यानं हसायला लागलो. बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. म्हणाली, "काय झालं?"

"नात झाली," मी म्हणालो, "आणि अक्का मोटार विसरल्या."

"मग त्यात इतकं हसण्यासारखं काय आहे?"

मला तिला सांगताच येईना. आयुष्यभर लोकांनी मला माझ्या कामाची आठवण करून दिली, भाऊ, तुम्ही केलेला रेडिओ अजून वाजतो. पण माझं काम कोणी असं साफ विसरून जावं, इतकं चांगलं ते मला पहिल्यांदाच जमलं होतं.